नाळेतलं रक्त ठेवायचं कोणासाठी?

रावेर तालुक्यातल्या एका गावाहून आलेलं पत्र. थोडं कमी करून देते आहे.

«डॉक्टरताई, मला चौतिसावा आठवडा चालू आहे. पहिल्या मुलाच्या वेळी सिझर झालं होतं. तो आता साडेतीन वर्षांचा आहे. या वेळीही सिझरच करायचं ठरलंय. मागच्या तपासणीला दवाखान्यात एका कंपनीची मुलगी भेटली. बाळाच्या नाळेतलं रक्त गोळा करून पंच्याहत्तर वर्षं साठवून ठेवतात, पुढे बाळाला, घरातल्या कोणालाही मोठा आजार झाला तर ते कामाला येतं, असं ती म्हणाली. ६५ हजार रुपये, हप्त्यानेही चालतील. नाहीतर हे रक्त फेकूनच देतात, असंही म्हणाली. पुण्याच्या माझ्या नणंदेने केलंय. सासरे म्हणतात केळीचे पैसे आले आहेत, भरून टाकू. सासूबाईंना पटत नाही. नाळ आपण पुरतो, तिचं रक्त परक्या गावी कशाला पाठवायचं, असं त्या म्हणतात. माझ्या मोठ्या दिरांच्या मुलीला थॅलेसेमिया मेजर आहे, सात वर्षांची आहे, दर महिन्याला जळगावला रक्त चढवावं लागतं. तिला या रक्ताचा उपयोग होईल या आशेवर सगळे आहेत. सिझरमध्ये हे रक्त नीट मिळतं का? बाळाला त्रास होतो का? आणि नाही केलं आणि पुढे काही झालं, तर मी स्वतःला माफ करू शकेन का?»

ताई, उत्तर आधी सांगते, कारणं मागून. हे ६५ हजार भरू नका. आणि तारीख यायची वाट न पाहता, याच आठवड्यात तुझी आणि तुझ्या मिस्टरांची एचपीएलसी नावाची रक्ततपासणी करून घ्या. तुझ्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य कंपनीबद्दलचं नाही, पुतणीबद्दलचं आहे. तिथूनच सुरुवात करू.

पुतणीला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे अंगात पुरेसं रक्त तयार न होण्याचा जन्मजात आजार, आहे. याचा अर्थ तिचे आई आणि वडील दोघंही थॅलेसेमियाचे वाहक आहेत. वाहक माणूस ठणठणीत असतो, शेतात राबतो, त्याला कधी कळतही नाही. तुझे मोठे दीर वाहक आहेत, तर तो गुण तुझ्या सासू-सासऱ्यांपैकी कोणाकडून तरी आलेला. मग तोच गुण तुझ्या मिस्टरांकडेही असण्याची शक्यता निम्मी. आता राहिलीस तू. आपल्या देशात शंभरात साधारण तीन-चार माणसं या आजाराची वाहक असतात, काही समाजांत त्याहून जास्त. तू वाहक नसशील तर या बाळाला थॅलेसेमिया मेजर होणार नाही, चिंता संपली. पण दोघंही वाहक निघालात तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता असते की बाळ आजारी असेल. तुमच्या भागात सातपुड्याच्या पायथ्याला सिकलसेल हा रक्ताचा दुसरा आनुवंशिक आजारही आहे. एकाकडे थॅलेसेमियाचा आणि दुसऱ्याकडे सिकलसेलचा गुण असला तरी बाळाला त्रास होऊ शकतो. एचपीएलसीत दोन्ही दिसतं. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या तपासण्यांत तुझी ही तपासणी कदाचित झालीही असेल, आधी फाइल काढून बघ. मिस्टरांची मात्र बहुधा झाली नसेल, पुरुषांची कोणी करतच नाही.

घरात थॅलेसेमियाचं लेकरू असताना तुझ्या दोन गरोदरपणांत मिळून मिस्टरांच्या रक्ताबद्दल कोणी विचारलं नाही आणि ६५ हजारांची पिशवी विकायला मात्र माणूस दारात आलं, याचं मला फार वाईट वाटतं.

चौतिसाव्या आठवड्यात ही तपासणी करून काय मिळणार, असं तुला वाटेल. गर्भाची तपासणी दहा-बारा आठवड्यांच्या आसपास करायची असते, ती वेळ गेली हे खरं. पण दोघं वाहक आहात हे कळलं तर बाळाच्या डॉक्टरांना पहिल्या दिवसापासून माहीत असेल. गरज वाटली तर ते डीएनए तपासणी सांगतील, आणि सहा महिन्यांपासून बाळाच्या हिमोग्लोबिनवर लक्ष ठेवतील. बाळ पांढरं पडत गेलं तर लोहाचं औषध देत महिनेच्या महिने वाया जाणार नाहीत. थोरला साडेतीन वर्षांचा आहे आणि खेळता-खाता आहे, म्हणजे त्याला मेजर नाही हे जवळपास नक्की, नाहीतर दोन वर्षांच्या आत दिसलं असतं. त्याचीही तपासणी पुढे सवडीने करा, त्याच्या लग्नाच्या आधी तरी. आणि एक सांगते, रिपोर्ट काहीही येवो, "कोणाच्या घराण्यातून आलं" हा विषय घरात निघू देऊ नका. आपल्याकडे तो नेहमी सुनेवर येऊन थांबतो.

आता नाळेतल्या रक्ताकडे येते. त्यात मूळपेशी असतात, ज्यांपासून नवं रक्त तयार होतं, आणि त्यांचा उपयोग खराच होतो. १९८८ मध्ये पॅरिसमध्ये फॅन्कोनी ॲनिमिया हा रक्ताचा जन्मजात आजार असलेल्या एका अमेरिकन मुलाला नाळेतल्या रक्ताचं जगातलं पहिलं प्रत्यारोपण झालं आणि तो वाचला. पण ते रक्त त्याचं स्वतःचं नव्हतं, त्याच्या नुकत्याच जन्मलेल्या बहिणीचं होतं. कंपनीच्या माहितीपत्रकात हा भाग बारीक अक्षरात असतो किंवा नसतोच. स्वतःचं रक्त स्वतःला क्वचितच चालतं, कारण थॅलेसेमिया, सिकलसेल यांसारखा आजार जन्मतःच असेल तर तोच दोष नाळेतल्या पेशींतही असतो. तुमच्याकडे केळीवर हरण्या येतो ना? रोगट बागेतले मुनवे काढून दुसऱ्या वावरात लावले की रोगही सोबत जातो, तसंच हे. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगातही बिघडायला लागलेल्या पेशी कधी कधी जन्माच्या वेळीच रक्तात असतात, म्हणून तिथेही डॉक्टर मुलाचं स्वतःचं नाळेचं रक्त टाळतात.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, हिची भूमिका यावर स्पष्ट आहे: पुढे स्वतःच्या उपयोगासाठी नाळेतलं रक्त खासगी बँकेत ठेवण्याला शास्त्रीय आधार नाही. बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेनेही, इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने, २०१८ मध्ये 'विमा' म्हणून हे रक्त ठेवू नका असंच सांगितलं. आयुष्याच्या पहिल्या वीस वर्षांत स्वतःचं रक्त वापरावं लागण्याची शक्यता अडीच हजारांत एक ते दोन लाखांत एक इतकी कमी धरली जाते. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, मधुमेह, गुडघेदुखी अशी जी लांबलचक यादी दाखवतात, ते सगळं अजून संशोधनाच्या पातळीवर आहे. रक्ताचे आणि आणखी काही ठरावीक आजार सोडून मूळपेशींचे बाकीचे उपयोग आपल्याकडे फक्त मान्यता घेतलेल्या चाचण्यांमध्येच करता येतात. काही ठिकाणी जास्त पैसे घेऊन नाळेचा तुकडा, वारेचा भाग, पुढे दुधाचे दातसुद्धा साठवतो म्हणतात. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे नाळेतल्या रक्ताशिवाय दुसरं काहीही असं बँकेत ठेवायला परवानगी नाही. तसं कोणी विकायला आलं तर तिथेच थांबवा.

पंच्याहत्तर वर्षांचंही सांगते. पहिलं प्रत्यारोपणच १९८८ चं आहे, म्हणजे पंच्याहत्तर वर्षं ठेवलेल्या रक्ताचा अनुभव जगात कोणाकडेच नाही. वीस-पंचवीस वर्षं गोठवलेल्या पेशी प्रयोगशाळेत जिवंत निघाल्या आहेत, हे मी नाकारत नाही. पण त्यासाठी उणे १९६ अंशांच्या नायट्रोजनच्या टाक्या इतकी वर्षं एक दिवसही न चुकता थंड राहायला लागतात. सिंगापूरमध्ये २०२३ मध्ये एका खासगी बँकेच्या काही टाक्यांचं तापमान वाढलेलं आढळलं आणि दोन हजारांहून अधिक बाळांचं रक्त निकामी ठरलं. शिवाय एका नाळेतून मिळणारं रक्त थोडंच, त्यातल्या पेशी साधारण लहान मुलाच्या वजनाला पुरतात. चाळिशीतल्या माणसाला त्या एका पिशवीने भागत नाही. "घरातल्या कोणालाही" या शब्दांत तुझे सासरे, मिस्टर सगळे आले होते. त्यांच्यासाठी हे नाही.

मग पुतणीचं काय? मला माहीत आहे, तुझा जीव तिथेच अडकलाय, ६५ हजारांत नाही. खरं सांगावं लागेल. प्रत्यारोपणाला पेशींची जुळणी लागते, तिला एचएलए म्हणतात. सख्ख्या भावंडाशी ती पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. चुलत भावंडाशी पूर्ण जुळणं फारच दुर्मिळ. तुझ्या बाळाचं रक्त तिच्यासाठी म्हणून ठेवण्यात अर्थ नाही, आणि त्या आशेवर घरच्यांनी पैसे भरले तर पुढे त्या आशेचंच ओझं तुझ्या बाळावर आणि जावेवर पडेल.

तिच्यासाठी करण्यासारखं दुसरं आहे. तिला सख्खा भाऊ किंवा बहीण असेल तर दोघांची एचएलए तपासणी करून घ्या, गालाच्या आतल्या बाजूला कापसाची काडी फिरवून नमुना घेता येतो. जुळलं, तर नाळ-बिळ काही लागत नाही. त्या भावंडाच्या हाडातल्या मगजातून पेशी घेता येतात, देणाऱ्याचा मगज पुन्हा भरून येतो. जळगावला जिथे रक्त चढवतात तिथल्या डॉक्टरांना थॅलेसेमिया बाल सेवा योजनेबद्दल विचारा. कोल इंडियाच्या पैशातून २०१७ पासून ही केंद्राची योजना चालते, जुळणारा दाता असलेल्या मुलांच्या प्रत्यारोपणाला १० लाखांपर्यंत मदत मिळते. वयाच्या आणि उत्पन्नाच्या अटी आहेत, म्हणून सात वर्षांची आहे तोवरच विचारायला हवं. प्रत्यारोपण जितकं लहान वयात आणि सारखं रक्त चढवून शरीरात लोह साठायच्या आधी होईल तितकं चांगलं. तिच्या फेरिटिनचा, म्हणजे शरीरात साठलेल्या लोहाचा, आकडा काय आहे आणि लोह काढायच्या गोळ्या ती रोज घेते का, हेही जावेला विचार. रक्त चढवणं घरचे कधी चुकवत नाहीत, गोळ्या मात्र चुकतात.

आणि तुझ्या जावेला पुढे दुसरं मूल हवं असेल तर गोष्ट वेगळी. नाळेतलं रक्त ठेवावं असा सल्ला मी स्वतः ज्या एका प्रसंगी देते तो हाच: घरात प्रत्यारोपणाने बरा होणारा आजार असलेलं लेकरू आहे आणि त्याचं सख्खं भावंड जन्माला येतंय. तेव्हा गर्भाची थॅलेसेमियाची तपासणी वेळेत करून, प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांशी बोलून, ते रक्त त्या आजारी मुलासाठी म्हणून नीट गोळा करायचं. तिथे त्या पिशवीला नाव आणि काम दोन्ही असतं.

सिझरचं विचारलंस. सिझरमध्ये रक्त घेता येतं, बऱ्यापैकी मिळतंही. बाळ बाहेर काढलं की नाळेला दोन चिमटे लावून मधे कापतात. बाळ बाळाच्या डॉक्टरांकडे जातं, आणि वारेकडच्या नाळेच्या शिरेत सुई घालून खाली धरलेल्या पिशवीत रक्त उतरू देतात. काळपट लाल असतं, दोन-चार मिनिटांत पिशवी जेवढी भरायची तेवढी भरते. ना तुला दुखतं, ना बाळाला. पण सुईने त्रास होत नाही, म्हणून बाळाचं काही जातच नाही असं नाही.

बाळ जन्मतं तेव्हा बाळ आणि वार मिळून जेवढं रक्त असतं त्याचा जवळपास तिसरा हिस्सा वारेत असतो. नाळ लगेच कापली नाही तर ते रक्त बाळाकडे जात राहतं. मी अनेक सिझरमध्ये हे बोटांनी अनुभवलं आहे. सुरुवातीला नाळ जाडजूड, निळसर, दोरखंडासारखी पिळलेली आणि बोटाखाली धडधडणारी असते. मग ती हळूहळू मऊ पडते, पांढरी होते, चपटी होते. एवढ्या वेळात बाळाच्या अंगात ऐंशी-शंभर मिलीलिटर रक्त गेलेलं असू शकतं. तीन किलोच्या जिवाला हे थोडं नव्हे! त्यातून मिळालेलं लोह बाळाला पुढचे सहा महिने पुरतं. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते की नाळ एक मिनिटाच्या आत कापू नका, एक ते तीन मिनिटं थांबा. सिझरलाही हेच लागू आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांत जवळपास ६९ टक्के मुलांना रक्तक्षय निघाला. आपल्याकडच्या बाळाला त्या एका मिनिटाची किती गरज आहे, हे यावरून बघ.

कंपनीची माणसं म्हणतात, दोन्ही होतं, थांबूनही रक्त घेता येतं. होतं, पण थांबलं की पिशवीत कमी येतं, बऱ्याचदा उपयोगी पडण्याइतक्या पेशीच राहत नाहीत. पिशवी भरायची म्हणून नाळ घाईने कापली जाण्याची भीती तिथेच आहे. "नाहीतर फेकूनच देतात" याचं उत्तर हे, की एक मिनिट थांबलं तर फेकायला फारसं उरतच नाही. ते बाळाकडे जातं.

सासूबाईंना माझा नमस्कार सांग. नाळ-वार नेऊन पुरायची असेल तर आधी दवाखान्यात सांगून ठेवा, त्यांच्या कचऱ्याच्या नियमात ती पिवळ्या पिशवीत जाते, काही ठिकाणी मागितल्यावर देतात, काही ठिकाणी नाही. त्यांना हेही सांग, की नाळेतलं रक्त परगावी जाऊ नये असं त्यांना वाटतं ना, तर ते नातवाच्या नाहीतर नातीच्या अंगातच राहील अशी व्यवस्था आपण करतोय. सासऱ्यांना समजावणं मला वाटतं मिस्टरांवर सोड. त्यांनी प्रेमानेच पैसे काढले आहेत, "फसवणूक आहे" असं म्हणून त्यांचं मन मोडू नका. नणंदेलाही काही बोलू नकोस. तिने केलं ते केलं.

नोंदणीचे पैसे भरले असतील तर करारातली रद्द करण्याची अट वाच. रक्त गोळा करायचा त्यांचा बॉक्स वापरायच्या आधी लेखी कळवलं तर पैसे परत मिळतात का, किती, हे त्यांच्याकडून लेखी घे, फोनवरच्या बोलण्यावर राहू नकोस. दवाखान्यातल्या कोणी आग्रह धरला तर सरळ विचार, यात तुमच्याकडे काही येतं का? विचारायला लाजू नकोस.

ऑपरेशनच्या आदल्या भेटीत तुझ्या डॉक्टरांना हे नक्की सांग: "बाळ ठीक असेल आणि माझा रक्तस्राव जास्त नसेल तर नाळ कापायला एक मिनिट थांबाल का?" दुसरं सिझर आहे, जुन्या टाक्यांमुळे आत चिकटलेलं असू शकतं, वार खाली असेल तर रक्तस्राव वाढतो. तशा वेळी, किंवा बाळ रडलंच नाही तर, ते लगेच कापतील आणि ते बरोबरच असेल. तिथे त्यांच्या निर्णयावर विश्वास ठेव. पण सगळं सुरळीत असताना घाई नको, एवढंच आधी बोलून ठेवायचं. भूल कमरेतली असेल तर तू जागी असशील, आठवण करून द्यायलाही हरकत नाही. सोनोग्राफीत वार कुठे आहे हे लिहिलेलं असतं, तेही विचारून घे.

माफ करण्याचं विचारलंस. ताई, बाळाला पुढे काही होऊ नये म्हणून पैसे न भरल्याचा दोष आईने घ्यावा, अशी भाषा या धंद्याने रुजवली आहे. आठव्या-नवव्या महिन्यातल्या बाईला "उद्या काही झालं तर" असं म्हणणं मला अजिबात आवडत नाही. तुझ्या बाळाचं ज्याने खरोखर भलं होईल ते सगळं तुझ्या हातात आहे: एक मिनिट उशिरा कापलेली नाळ, पहिल्या तासात छातीशी लावणं, सहा महिने फक्त अंगावरचं दूध. सिझर झालं म्हणून दूध उशिरा येतं असं कोणी म्हणालं तरी बाळाला छातीशी लावायचं सोडू नकोस. टाके दुखतील, कुशीवर झोपून पाज, शेजारी सासूबाई असतीलच.

एचपीएलसीचा रिपोर्ट आला की दोघांचा मिळून पाठव, त्यातला हिमोग्लोबिन ए-टू चा आकडा मला बघायचा आहे, वाहक आहे की नाही हे त्यावरून कळतं. गरोदरपणात लोह कमी असेल तर तो आकडा थोडा फसवतो, म्हणून सोबत तुझा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या साध्या तपासणीचा रिपोर्टही जोड. आणि जावेला पुतणीची जळगावची फाइल घेऊन मला पत्र लिहायला सांग, तिच्याशी वेगळं बोलायचं आहे.